मंजूर, मंजूर!

ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराच्या टीपॉयवर एक गुळगुळीत पुस्तिका येऊन पडते. मुखपृष्ठावर बँकेच्या मुख्य कार्यालयाची इमारत, आत अध्यक्षांचा मोठा फोटो, उपाध्यक्षांचा त्याहून जरा लहान, मग संचालकांचे ओळीने. हा वार्षिक अहवाल. घरातलं कुणीतरी लाभांश किती टक्के ते बघतं आणि पुस्तिका रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. हल्ली काही संस्था ती मोबाइलवर पाठवतात, त्यामुळे रद्दीचाही प्रश्न मिटला.

सहकारी संस्थांचा कारभार चांगला कसा ठेवावा यावर पुण्याइतकी चर्चा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच होत असेल. राज्याच्या सहकार आयुक्तांचं कार्यालय इथे, साखर आयुक्तांचं इथे, वैकुंठभाई मेहतांच्या नावाची राष्ट्रीय सहकार प्रबंध संस्था इथे, रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालयही इथेच. तरीही सहकारी बँका बुडण्याच्या बातम्यांत पुण्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. माझ्या मते यातली निम्मी गोष्ट त्या टीपॉयवरच्या पुस्तिकेत आहे. बाकीची निम्मी ती न वाचणाऱ्यांत.

पुण्याच्या सहकाराची गोष्ट मुळात सुरू होते तीच कागदापासून. १२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हवे होते रोखे आणि खतं. ते हाती आले की तिथेच त्यांची होळी. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली, पण जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे मारहाण फारशी झाली नाही. ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं आणि त्याच कागदाच्या जोरावर जमीन जात होती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यानंतर विल्यम वेडरबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने न्यायमूर्ती रानड्यांच्या पाठिंब्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. पुढे वीसेक वर्षं गेली, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँक उभी राहिली.

त्या १९०४च्या कायद्यातली एक तरतूद मला फार बोलकी वाटते. ग्रामीण संस्थांची जबाबदारी अमर्याद होती. म्हणजे सोसायटी बुडाली तर सभासदाचा बैल, घर, शेत सगळं वसुलीत जाऊ शकत होतं. ही पद्धत जर्मनीतल्या रायफायझनच्या गावपतसंस्थांकडून आलेली. ऐकायला क्रूर वाटते, पण तिचा परिणाम असा की गणपतने बियाण्यासाठी काढलेलं कर्ज मुलीच्या लग्नात उडवलं तर ते अख्ख्या गावाला कळायचं आणि गाव बोलायचं. देखरेखीसाठी वेगळं खातं लागत नव्हतं. पुढे जबाबदारी मर्यादित झाली, शेअर दहा-वीस-पन्नास रुपयांचा झाला, सभासद हजारांनी आणि लाखांनी वाढले. शेजाऱ्याच्या कर्जावर नजर ठेवायचं कारणच उरलं नाही. ती नजर मग कायद्याने, लेखापरीक्षकाने आणि रिझर्व्ह बँकेने ठेवायची असं ठरलं. अधूनमधून ती चुकतेच.

रुपी बँकेचं उदाहरण पुणेकरांना सांगायला नको. १९१२ सालची बँक. कित्येक घरांत आजोबांपासूनची खाती. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि स्वतःच्याच पैशांसाठी लोक रांगेत उभे राहिले. माजी संचालक आणि अधिकाऱ्यांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्यासाठी सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी झाली, विलीनीकरणाच्या चर्चा झाल्या, प्रशासक आले. परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो ८ ऑगस्ट २०२२ रोजी. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली हे अप्पा बळवंत चौकापासून सिंहगड रस्त्यापर्यंत कुणालाही विचारा. ठेव विमा महामंडळाने तोवर ७०० कोटींहून अधिक रक्कम दिली होती, आणि ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण ठेव मिळण्याचा हक्क आहे असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. उरलेला एक टक्का म्हणजे एकाच बँकेवर सगळा भरवसा टाकणारे.

हा विमा ठेवीदारामागे, दर बँकेत, व्याजासकट पाच लाखांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत तो फक्त एक लाख होता. ठेव विमा कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम द्यायची सोय झाली. पण कित्येकांना ठाऊक नसतं की हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेच्या पाटीवर ‘बँकेपेक्षा जास्त व्याज’ लिहिलेलं असतं, ही गोष्ट लिहिलेली नसते.

आता पुस्तिका उघडू. पहिल्या पानांवर सभेची नोटीस असते आणि तिच्या तळाशी एक ओळ: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे सभासद येणार नाहीत हे गृहीत धरूनच सभा बोलावलेली. सकाळी अकराची सभा साडेअकराला भरते, मधल्या अर्ध्या तासात चहा होतो. मंगल कार्यालयाच्या मंचावर संचालक, पुढच्या दोन रांगांत कर्मचारी आणि ‘आपली माणसं’. विषय वाचला जातो आणि पुढच्या रांगांतून घोष उठतो: मंजूर, मंजूर! अकरा विषय चाळीस मिनिटांत संपतात. मग अल्पोपाहार.

खरं तर याच विषयपत्रिकेत कायद्याने सभासदाच्या हातात बरंच दिलेलं आहे. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलं याचं पत्रक सभेपुढे ठेवावंच लागतं. नागरी सहकारी बँकांना तर संचालकांना वा त्यांच्या नातलगांना कर्ज देण्याची २००३ पासून जवळजवळ बंदीच आहे, स्वतःच्या ठेवीवर काढलेल्या कर्जासारखे मोजके अपवाद सोडून. त्यामुळे त्या रकान्यात शून्य असेल तर खूश होण्याची घाई नको. कर्ज घेणारी कंपनी कुणाच्या मेव्हण्याची, हे पत्रक सांगत नाही. पुढचा विषय एकरकमी परतफेड योजनेत दिलेल्या सवलतींचा. इथे बँकेने कुणाचं व्याज सोडलं ते कळू शकतं. त्याच्या पुढचा ‘निर्लेखित’ कर्जांचा, म्हणजे ज्यांची आशा सोडून वह्यांतून काढून टाकली ती. आणि मग अंदाजपत्रकापेक्षा जास्त झालेल्या खर्चाला मंजुरी. वाहन, जाहिरात, वर्धापनदिन हे खर्च इथे भेटतात.

लेखापरीक्षणाचा भाग सर्वांत कमी वाचला जातो. बँका मोठ्या अक्षरांत छापतात, ‘सातत्याने ऑडिट वर्ग अ’. पण लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर संस्थेने काय केलं याचा अहवाल वेगळा असतो. त्याला दोष-दुरुस्ती अहवाल म्हणतात, गृहनिर्माण सोसायटीवाल्यांच्या भाषेत ‘ओ’ फॉर्म. तोच शेरा तीन वर्षं आला आणि तिन्ही वर्षं उत्तर ‘पूर्तता करण्यात येईल’ असंच असलं, तर संस्थेच्या प्रकृतीचं निदान झालं म्हणून समजा.

अर्थात सगळं छापलेलं खरं असतं असंही नाही. मुंबईच्या पीएमसी बँकेत २०१९ साली उघड झालं की एकाच बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त होतं आणि ते झाकायला २१,०४९ बनावट खाती रचलेली होती. लेखापरीक्षण झालेलं होतं, रिझर्व्ह बँकेची तपासणीही. वाचणारा कितीही हुशार असला तरी बनावट खाती अहवालात दिसत नाहीत. कॉसमॉसवर आलेलं सायबर हल्ल्याचं संकट आणखी निराळं. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ तारखेला हाँगकाँगच्या खात्यात रक्कम वळवली गेली. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. बँक त्यातून उभी राहिली, ठेवीदाराचा रुपया बुडाला नाही. पण संगणकाच्या सर्व्हरबद्दल चार प्रश्न विचारू शकेल असं कुणी संचालक मंडळात हवं, हे तेव्हा सगळ्या बँकांना कळलं.

त्याच दिशेने कायदाही सरकला. २०१९च्या शेवटच्या दिवशी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: शंभर कोटी आणि त्यावर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांनी संचालक मंडळाखेरीज जाणकारांचं वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमावं. रिझर्व्ह बँकेच्याच मालेगाम समितीने हे २०११ मध्येच सुचवलं होतं. बँकिंग नियमन कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर एक्कावन्न टक्के संचालकांना हिशेब, बँकिंग, कायदा, शेती, सहकार अशा विषयांचं ज्ञान असावं हा नियम सहकारी बँकांनाही लागला. कल्पना उत्तम. अडचण एवढीच की व्यवस्थापन मंडळ नेमायचं कुणी, तर संचालक मंडळानेच. पहारेकरी निवडायचा हक्क ज्याच्यावर पहारा आहे त्याच्याकडे. संचालकाच्या सलग कारकिर्दीला आठ वर्षांची मर्यादा होती, ती २०२५ मध्ये दहा झाली. खुर्ची सोडायला लागणारी दोन वर्षं त्यात धरली असावीत.

खुर्चीवरून आठवलं. लोणी-प्रवरानगरचा साखर कारखाना १९५०-५१ मध्ये सुरू झाला. गावोगाव फिरून शेअरचे पैसे जमवले विठ्ठलराव विखे पाटलांनी, पण पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. कारखाना ज्याच्या घामातून उभा राहिला त्यानेच हिशेब जाणणाऱ्या बाहेरच्या माणसाला वरची खुर्ची दिली. एक्कावन्न टक्क्यांचा नियम यायला तेव्हा सत्तर वर्षं होती.

साखरेत शेतकऱ्याला अहवालापेक्षा दोन गोष्टी जास्त कळतात: काट्यावरचं वजन आणि बिल जमा झाल्याची तारीख. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यायची, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. २०२१ मध्ये साखर आयुक्तांच्या कार्यालयातून, म्हणजे शिवाजीनगरच्या साखर संकुलातून, कारखान्यांची यादी निघाली ती रंगांत. वेळेवर पैसे देणारे हिरव्यात, रखडवणारे लाल रंगात. ऊस कुठे घालायचा हे शेतकऱ्याने रंग बघून ठरवावं. मला हा अलीकडचा सर्वांत शहाणा उपाय वाटतो, कारण तो वाचायला कुठलंही ज्ञान लागत नाही. दुधाच्या डेअरीतही तेच. कॅन मोजल्यावर फॅट, एसएनएफ आणि दर छापलेली चिठ्ठी हातात पडली की सचिवाशी भांडायला आधार मिळतो. नागरी बँकेच्या सभासदाला अशी चिठ्ठी कुणी देत नाही. त्याला ताळेबंद मिळतो.

कायद्याची मोठी दारंही आहेत, पण जड आहेत. एकपंचमांश सभासदांनी मागणी केली तर निबंधकांना चौकशी लावावी लागते. वीस जणांच्या सोसायटीत चौघं जमतील, लाखभर सभासदांच्या बँकेत वीस हजार सह्या कोण गोळा करणार? सहकाराला संविधानात जागा देणाऱ्या ९७व्या घटनादुरुस्तीचंही तसंच झालं. संस्था स्थापन करण्याचा मूलभूत हक्क राहिला, पण कारभाराचे नियम सांगणारा भाग राज्यातल्या संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्द केला, कारण निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. प्रक्रियेचा दोष, इतिवृत्तातल्या राहिलेल्या सहीसारखा.

लहान दार मात्र उघडं असतं: सभेआधी लेखी प्रश्न. मी सभासद असलेल्या एका संस्थेच्या ताळेबंदात ‘इतर येणी’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा दरवर्षी फुगत होता. इतर म्हणजे कोण, एवढंच मी विचारलं. ‘ते जरा तांत्रिक आहे काका, नंतर भेटा,’ असं मंचावरून उत्तर आलं आणि पुढच्या रांगांनी विषय मंजूर केला. मी नंतर भेटलो नाही. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा लेखी दिला, पोच घेतली. त्यापुढच्या अहवालात त्या एका ओळीच्या चार ओळी झाल्या होत्या.

चारांतली तिसरी ओळ मला अजून कळलेली नाही. यंदा विचारायचं होतं, पण गणपतीच्या गडबडीत प्रश्न लेखी द्यायची मुदत टळून गेली.