संगणक वापरणाऱ्याला कार्यप्रणाली किती यावी?

प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला द्यायचा, मेमरीतली जागा कशी वाटायची, फाइल डिस्कवर नेमकी कुठे ठेवायची आणि छपाईयंत्राशी कसे बोलायचे हे ठरवणारे संगणकातले मूळ सॉफ्टवेअर म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारपेठांत, मीसेवा या सरकारी सेवा केंद्रांभोवती आणि पैनगंगेकाठच्या मराठी बोलणाऱ्या गावांत संगणकाविषयी एक समज घट्ट रुजलेला आहे, तो असा की ज्याला 'विंडोज टाकता येते' त्यालाच संगणक येतो आणि बाकीचे सगळे या बाबतीत अडाणी. या समजामुळे शिकलेसवरलेले लोकही स्वतःला उगाच कमी लेखतात, आणि ज्या चार गोष्टी त्यांना खरोखर ठाऊक असायला हव्यात त्या शिकायच्या राहून जातात, म्हणून तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मुळात संपूर्ण कार्यप्रणालीवर प्रभुत्व असलेला एकही माणूस जगात नाही. 1991 मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे यंत्रभागांवर थेट ताबा ठेवणाऱ्या कर्नलमध्ये, आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांचा एकेक भाग सांभाळणारे तज्ज्ञ वेगवेगळे आहेत. 'मला कॉम्प्युटर येत नाही' म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. तो माणूस कार्यप्रणाली दिवसभर वापरत असतो, फक्त तिचे नाव त्याला कोणी सांगितलेले नसते. उलट 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा चूक तज्ज्ञांच्या हातून झाली होती आणि विमानतळांवर खोळंबलेल्या प्रवाशांनी कितीही अभ्यास केला असता तरी ती टळली नसती.

मग सामान्य माणसाला यावे तरी किती? याचे उत्तर आदिलाबादच्या कापूस मार्केट यार्डात रोज दिसते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत कापसाचा ओलावा मीटरने मोजला जातो; 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापला जातो आणि 12 च्या वर माल घेतलाच जात नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, म्हणजे मीटरवरच्या एका टक्क्याची किंमत सुमारे 81 रुपये. मीटरमधले विद्युत-मंडल कसे चालते हे शेतकऱ्याला ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नाही. पण 8 आणि 12 या आकड्यांचा अर्थ त्याला पक्का कळतो, नमुना गाडीच्या वरच्या थरातून घेतला की आतल्या, याकडे त्याचे लक्ष असते आणि आकडा खटकला तर पुन्हा मोजा असे तो ठामपणे सांगतो. संगणकाच्या बाबतीतही नेमके हेच आणि एवढेच ज्ञान अपेक्षित धरणे न्याय्य आहे. याच हंगामात खरेदीची नोंदणी आणि माल आणण्याची तारीख 'कपास किसान' या मोबाइल अ‍ॅपवरून घ्यावी लागू लागली, तेव्हा शेतकऱ्याला अँड्रॉइडची रचना शिकण्याची नव्हे, तर ओटीपी कोणाला सांगू नये आणि आपली तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहून घ्यावी, हे कळण्याची गरज होती.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट टोकाचा आहे आणि अधिक नुकसान करणारा आहे: आपण तज्ज्ञ नाही, तेव्हा आपल्याला काहीच पाहायचे नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्ये विंडोजमधली एक फट बुजवणारे अपडेट दिले होते; ज्यांनी ते घेतले नाही अशा लाखो संगणकांतल्या फाइली दोनच महिन्यांनी, 12 मे रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केल्या. अपडेट घ्यायला अभियंता असावे लागत नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, याचा अर्थ जुना संगणक त्या दिवशी बंद पडला असा नव्हे, तर नव्या फटी विनामूल्य आणि आपोआप बुजवल्या जाणे थांबले असा आहे, आणि एवढा फरक समजला की दुकानदाराला योग्य प्रश्न विचारता येतो.

'फॉरमॅट मारला की सगळे ठीक होते' हाही असाच पसरलेला समज. फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या त्या भागाची जुनी नोंदवही पुसून नवी मांडणे. सी ड्राइव्हवर विंडोज नव्याने टाकली तर डेस्कटॉपवरचे फोटो आणि अर्ज बहुधा त्याच ड्राइव्हवर असल्यामुळे तेही जातात. डी ड्राइव्हवर ठेवलेले कायमचे सुरक्षित असते हे मात्र अर्धसत्य आहे, कारण पुष्कळ संगणकांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालने असतात आणि डिस्क बिघडली की दोन्ही एकदम जातात. जमिनीच्या कागदांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवणे हे काम दुरुस्ती करणाऱ्याचे नाही, ज्याचे कागद त्याचे आहे.

भाषेचा प्रश्न या जिल्ह्यात अधिक टोचतो. तेलुगू आणि उर्दू या तेलंगणा राज्याच्या अधिकृत भाषा असल्याने मराठी माध्यमात शिकलेल्या माणसासमोर सरकारी पडदा परक्या लिपीत उघडतो. हा त्याच्या संगणक-ज्ञानातला उणेपणा नव्हे आणि त्याची भरपाई त्याने कार्यप्रणाली शिकून करावी असे म्हणणे अन्यायाचे आहे. ते काम संकेतस्थळे बांधणाऱ्यांचे आहे. मात्र मराठी लिहायला कोणाकडून तरी 'फॉन्ट बसवून' घ्यावा लागतो, हा समज आता सोडून द्यायला हवा. पूर्वीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची नुसती चिन्हे उमटत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि विंडोजमध्ये देवनागरीची सोय 2000 सालापासून आहे. सेटिंगमधून मराठी कळफलक निवडला की शिफ्टसह जे, मग डी आणि मग तिरक्या रेघेची कळ दाबताच 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' उमटतो, आणि जिल्ह्यातल्या बेला गावात टंकलेला अर्ज पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याच्या संगणकावर अक्षर न बिघडता उघडतो.