गायीच्या गळ्यात पट्टा घालण्याआधी वहीतला हिशोब

दुग्धव्यवसायात उतरायचं ठरवलेली मंडळी मला हमखास विचारतात, "सर, गायीला सेन्सरचा पट्टा घातला की ती लवकर गाभण राहते का?" नाही राहत. पट्टा फक्त माज ओळखतो. पण पैसा नेमका तिथेच गळतो, म्हणून नीट समजून घ्या.

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. त्यातही बऱ्याच गायी रात्री किंवा पहाटे माज दाखवतात, जेव्हा तुम्ही-आम्ही घोरत असतो! माजावरची गाय जास्त चालते, रवंथ कमी करते. पट्टा किंवा पायातला पेडोमीटर हाच फरक टिपतो आणि मोबाईलवर मेसेज टाकतो. हे काही आजचं नाही, इस्रायलमधल्या गोठ्यांत पेडोमीटर १९८० च्या दशकापासून आहेत.

आता हिशोब. एक माज हुकला म्हणजे २१ दिवस गेले. गायीचा रोजचा खर्च समजा २०० रुपये धरला, तर झाले ४,२०० रुपये. त्या दिवसांतलं आटत आलेलं दूध वजा करा. २० गायींत वर्षाला १५ माज हुकत असतील तर ६३,००० रुपये. या आकड्यासमोर पट्ट्यांची किंमत मांडून बघा. आणि चारच गायी असतील तर? सकाळी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी २०-२० मिनिटं गोठ्यात उभे राहा. गायी थोडा वेळ मोकळ्या सोडा. बळस, हंबरणं, एकमेकींवर चढणं दिसतंच. तेही फुकटात.

मेसेज आला, पण रेतन करणारा दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला तर काय उपयोग? सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम पाळता आला पाहिजे. खुराक कमी असेल, गर्भाशयाला सूज असेल, तर गाय उलटणारच. तिथे डॉक्टर लागतो, पट्टा नाही.

म्हणून आधी तीन महिने साधी वही ठेवा. व्यायल्याची, माजाची, रेतनाची तारीख लिहा. दोन माजांत ४२ दिवसांचं अंतर दिसलं, तर मधला एक बहुतेक नजरेतून सुटलाय. विक्रेत्याकडे जाताना ती वही सोबत न्या आणि विचारा: रेंज गेली तर माहिती कुठे साठते, बॅटरी किती वर्षं चालते, ॲपचे दरवर्षी वेगळे पैसे पडतात का, आणि पट्टा तुटला तर दुरुस्तीला गावात कोण येणार?