आवाज येतो, शब्द कळत नाही

आपल्या सीमाभागात कमी ऐकू येणे भाषेच्या आड लपते. निपाणीच्या बसमध्ये कंडक्टरने "एल्लिगे?" विचारले आणि सत्तरीचे मराठी गृहस्थ खिडकीबाहेरच पाहत राहिले, तर आजूबाजूचे ठरवून टाकतात, कन्नड येत नसेल किंवा मुद्दाम बोलत नसतील. कन्नड आजी मराठी दुकानात गप्प राहिल्या तर तोच शेरा उलट बाजूने. पांढरी काठी दिसली की लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. कानाचे दुखणे दिसत नाही, त्यामुळे ते स्वभावावर जाते.

वयाने येणारा बहिरेपणा सगळ्या आवाजांना सारखा नसतो. कानाच्या आतल्या भागातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी झिजतात, आणि बहुधा आधी जातात त्या उंच सूर टिपणाऱ्या. मग स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आ, ओ हे स्वर मात्र पोहोचतात. "साठ हजार"चे "आठ हजार" होते. बँकेच्या काउंटरवर, त्यातही काचेआडून, हा फरक किती महाग पडेल ते सांगायला नको. घरी मात्र ऐकवले जाते, "यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!"

ओरडून उपयोग होत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात, आणि झिजलेल्या कानाला मोठा आवाज बोचतो. समोर येऊन, सावकाश बोलावे. ओठ पाहून काही कळते, सगळे नाही: पान, भान, मान हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. पुन्हा पुन्हा "काय?" विचारण्याची लाज वाटून माणूस नुसती मान डोलावतो आणि पुढे कार्यक्रमांना येणेच सोडतो. बीथोव्हेननेही १८०२ साली भावांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात हेच दुःख मांडले होते: लोक मला माणूसघाणा समजतात, पण बहिरा आहे हे त्यांना सांगू कसे?

कायदा इथे थोडा तोकडा वाटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल हानी असेल तर 'कमी ऐकू येणे', आणि ७० असेल तर बधिरत्व. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे ५० डेसिबल हानी असलेला माणूस या व्याख्येबाहेर, पण गप्पांच्याही बाहेर.

तपासणी करताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. सूर ऐकवून घेतलेल्या चाचणीला भाषा नसते. शब्द ऐकवून ते म्हणायला लावतात त्या चाचणीला असते. ती मराठीत घ्या म्हणावे, नाहीतर कानाऐवजी आपल्या कन्नडची परीक्षा व्हायची. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक भरले तर सरकारी प्रमाणपत्र घ्यावे. आयकर कायद्याखाली, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना ७५,००० रुपयांची वजावट आहे. ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० ची. पात्र असूनही ती न घेणारे बरेच आहेत.

आणि आपल्या हॉलविषयी. उठबस सोपी व्हावी म्हणून ज्येष्ठांच्या खुर्च्या आपण मागे, पंख्याखाली लावतो. कानात यंत्र असलेल्याला तिथे पंख्याची घरघर भाषणापेक्षा मोठी ऐकू येते. पुढच्या दोन रांगा, वक्त्याचे तोंड दिसेल अशा, त्यांच्यासाठी ठेवाव्यात.