गहूं व दूध वर्ज्य असणाऱ्यांचा आहार

आमच्या परिचयाच्या एका सुखवस्तु शेतकऱ्याच्या घरीं आठ वर्षांची एक मुलगी आहे. घरांत गव्हाची कणगी भरलेली, गोठ्यांत दुभतें. तरीहि मुलगी दिवसेंदिवस वाळत चालली. पोट फुगलेलें, हातपाय काडीसारखे, जुलाब थांबेनात. जंतांचें औषध झालें, दृष्ट काढून झाली, दूधपोळी अधिक आग्रहानें भरविली. तों तों प्रकृति अधिकच ढासळली. अखेर शहरांत तपासणी झाली, तेव्हां ज्या पोळीवर सर्वांची भिस्त होती तीच वैरीण ठरली. डॉक्टरांनीं गहूं जन्मभर व दूध कांहीं काळ बंद करावयास सांगितलें. सोबत पदार्थांची एक यादी दिली. गांवच्या दुकानांत त्या यादींतील एकहि जिन्नस मिळेना. “मग पोरीला घालूं तरी काय?” असें आईनें विचारलें. या प्रश्नाचें उत्तर दुकानांत नसून बहुतांशीं आपल्या शेतांतच आहे, हें दाखविण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

रोगाचें स्वरूप

गव्हांत ग्लुटेन नांवाचें एक प्रथिन असतें. कणकेला चिकटपणा व ताण येतो तो त्याच्यामुळेंच. जव (सातू) व राय यांतहि त्याच जातीचीं प्रथिनें असतात. सीलिअॅक हा रोग ज्यांस असतो त्यांच्या लहान आंतड्याचे सूक्ष्म अंकुर या प्रथिनामुळें झिजतात व खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. मुलांची वाढ खुंटते. मोठ्या माणसांत कित्येकदां औषधानें न हटणारा पंडुरोग एवढेंच लक्षण दिसतें. सॅम्युएल गी या इंग्रज वैद्यानें १८८८ सालीं या रोगाचें वर्णन केलें होतें. परंतु त्याचें मूळ गव्हांत आहे, हें विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानें १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत मांडलें. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला होता. त्या काळच्या अनुभवानें त्याच्या पूर्वीच्याच संशयास बळकटी आली.

हा रोग उत्तर हिंदुस्थानांत सुमारें शंभरांत एकास आढळतो, दक्षिणेंत त्याहून पुष्कळ कमी. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानांत ठेवावी. रक्ताची तपासणी होण्यापूर्वीं गहूं बंद करूं नये. आधींच बंद केल्यास तपासणींत रोग सांपडत नाहीं.

निर्दोष धान्यें

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी व राजगिरा यांत ग्लुटेन नाहीं. सर्व कडधान्यें व डाळीहि निर्दोष आहेत. खपली गहूं पचनास हलका म्हणून कित्येक जण सुचवितात. पण तोहि गहूंच असल्यामुळें या रोग्यास तो चालत नाहीं. ज्वारीची भाकरी, पिठलें, आमटी, पालेभाजी, तिळाची अगर कारळ्याची चटणी हें आपल्या वडिलांचें रोजचें जेवण या रोग्याचें पथ्यच आहे. वरीचा भात, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याची लापशी हा उपवासाचा फराळहि त्यास निर्धास्त देतां येतो.

दुधाचा प्रश्न

दुधांतील साखर पचविणारें द्रव्य आंतड्याच्या त्याच अंकुरांच्या टोकांशीं तयार होतें. अंकुर झिजले कीं दूध बाधतें. गहूं बंद होऊन अंकुर भरून आले म्हणजे पुष्कळांस तें पुन्हां पचूं लागतें. ज्यांस दुधांतील प्रथिनाचेंच वावडें असतें त्यांची गोष्ट निराळी. त्यांनीं दही, ताक, तूप हींहि टाळावींत. गाईऐवजीं म्हशीचें किंवा शेळीचें दूध देऊन बहुधा उपयोग होत नाहीं.

दूध सुटलें तर चुन्याच्या अंशाची भरपाई नाचणीनें करावी. १०० ग्रॅम नाचणींत तो सुमारें ३४० मिलिग्रॅम असतो, तितक्याच गाईच्या दुधांत सुमारें १२०. नाचणीला मोड आणून, वाळवून दळल्यास तो अधिक अंगीं लागतो. या पिठाची पेज गूळ घालून मुलांस द्यावी. शेवग्याचा पाला व तीळ हेहि आहारांत असावेत. नारळाचें दूध चवीस चांगलें, परंतु तें गाईच्या दुधाची जागा घेऊं शकत नाहीं. शिवाय ब-१२ हें जीवनसत्त्व धान्यभाजींत नसतें. म्हणून दूध, अंडें व मासळी तिन्हीं न खाणारांनीं तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें अवश्य घ्यावें.

लपलेला गहूं

पोळी बंद केली म्हणजे गहूं बंद झाला असें नव्हे. रवा, मैदा, शेवया व बिस्किटें हीं उघड आहेत. पण मेतकुटांत व थालिपिठाच्या भाजणींतहि गहूं पडतो. डबींतल्या हिंगांत पुष्कळदां मैदा मिसळलेला असतो. पुऱ्या तळलेल्या तेलांत पापड तळणें, कणकेच्या परातींत भाकरी थापणें, यांनींहि अपाय होतो. रोग्यासाठीं परात, तवा व चाळण निराळीं ठेवावींत.

सर्वांत मोठा धोका गांवच्या गिरणींत आहे. आधींच्या गिऱ्हाइकाचा गहूं जात्याच्या पाळ्यांत व पिशवींत उरतो आणि आपल्या ज्वारींत उतरतो. उत्तम उपाय म्हणजे घरचें जुनें जातें टाकी लावून, धुऊन केवळ याच कामीं ठेवणें. तें शक्य नसेल तर सकाळीं गिरणी झाडून घेऊन पहिला घाणा आपला लावावा. आरंभीं निघालेलें पीठ गुरांस घालावें.

शेत व खळें

ज्वारी व गहूं दोन्ही रब्बीचीं पिकें. एकाच मळणीयंत्रांतून, एकाच खळ्यावरून घरीं येतात. म्हणून अशा घरानें वर्षाच्या बेगमीपुरती ज्वारी गव्हापासून दूर पेरावी, तिची मळणी यंत्र साफ करून गव्हाच्या आधीं करावी व कोऱ्या पोत्यांत भरावी. दुकानचें धान्य किती निर्भेळ हें शहरच्या गिऱ्हाइकास कळण्यास मार्ग नाहीं. शेतकऱ्यास मात्र पेरणीपासून ताटापर्यंत सर्व आपल्या हातीं आहे.

त्या मुलीच्या घरीं हें सर्व झालें. चार महिन्यांत तिचें वजन वाढूं लागलें. आतां अडचण राहिली आहे ती लग्नकार्यांची व पंगतींची, “एक घांस खाल्ल्यानें काय होतें?” असें म्हणून आग्रह करणाऱ्या आप्तांची. त्यांस हात जोडून सांगावें कीं, हा आवडीनिवडीचा प्रश्न नाहीं. एका घांसानेंहि या आंतड्यास इजा होते. आणि ज्या गांवीं असें एकहि मूल असेल, तेथील सोसायटीनें एक लहान चक्की केवळ ज्वारी, बाजरी व नाचणीसाठीं राखून ठेवावी, अशी आमची सभासद बंधूंस आग्रहाची विनंति आहे. खर्च थोडा आहे. एका घराची काळजी मात्र कायमची मिटेल.