चव न घेता

मी गोमांस खात नाही. यात अभिमान नाही की संकोचही नाही. घरात कधी नव्हतं, पुढेही खावंसं वाटलं नाही, इतकंच. तरी शिकागोजवळ मुलाच्या घरी एका संध्याकाळी मी स्टेक केला. मुलगा-सून दोन दिवस बाहेरगावी होते, सोळा वर्षांच्या नातवाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि फ्रीजमध्ये दीड इंच जाडीचा तुकडा त्याची वाट पाहत होता. ‘‘आजोबा, तुम्हाला नको असेल तर पिझ्झा मागवू,’’ तो म्हणाला. त्याच्या या समजूतदारपणानंच मी अडकलो.

तासभर आधी मीठ लावून ठेवलं. मीठ आधी पाणी बाहेर काढतं. मग तेच खारट पाणी मांस हळूहळू आत ओढून घेतं. त्यानंतर कागदानं टिपून तुकडा कोरडा करायचा. हे मला कुणी समजावायला नको होतं. ओली सुरमई तव्याला चिकटते म्हणून आमची आई तुकड्या फडक्यानं टिपून घ्यायची. पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि खरपूस तपकिरी रंगाला साधारण एकशे चाळीसच्या पुढची आच लागते. ओलं मांस तळत नाही, उकडतं. या रंग धरण्याचं रसायन माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली मांडलं. भाकरीवरचे डाग त्याच जातीचे.

बिडाचं जड पॅन धूर येईपर्यंत तापवलं, तेल सोडलं, तुकडा ठेवला. चर्र! मोठ्या आचेनं मांसाचा रस आत कोंडला जातो, हा लीबिग या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८४७ साली रूढ केलेला समज. तो खरा नाही. तो चर्र आवाज म्हणजे बाहेर पडणारं पाणीच. दर मिनिटाला तुकडा उलटत राहिलो, त्यानं आतपर्यंत सारखा शिजतो. लोणी शेवटी, लसणीबरोबर. आधी घातलं तर करपतं.

खरी पंचाईत पुढेच होती. मला चव घेता येत नव्हती, तेव्हा भिस्त सगळी थर्मामीटरवर. अमेरिकी कृषी खातं म्हणतं, १४५ अंश फॅरनहाइट आणि वर तीन मिनिटं विश्रांती. नातवाला आतून गुलाबी हवा होता, म्हणजे १३०. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, ते आचेनं मरतात. खिम्याची गोष्ट वेगळी, त्यात ते आतबाहेर मिसळलेले. हे मला ठाऊक होतं. पण पोर दुसऱ्याचं, म्हणजे मुलाचं, आणि माझी उभी नोकरी बँकेतली परिपत्रकं पाळण्यात गेलेली. १३५ला उतरवला. ताटलीत ठेवला की आणखी थोडा चढतोच. कर्जप्रकरणातही मी असाच मधला आकडा काढायचो, दोन्ही बाजू नाराज!

दहा मिनिटांनी धाग्याला आडवे काप करायला घेतले. त्याच्या डाव्या हाताला सुरी जमत नव्हती. ताटलीत लाल पाणी उतरलं. मी मान फिरवली.

‘‘रक्त नाही ते आजोबा. मायोग्लोबिन. स्नायूंतलं प्रथिन असतं.’’

‘‘असू दे. तू खा.’’

‘‘थोडा जास्त झालाय,’’ पहिला घास घेऊन तो म्हणाला. ताटलीत मात्र काही उरलं नाही. समोर बसून मी दहीभात खाल्ला. तो लहान होता तेव्हा मी त्याला असेच घास करून द्यायचो. आठवण मी काढली नाही, त्यानं काढली.

पॅन गरम पाण्यानं घासलं, आचेवर कोरडं केलं, तेलाचा हात फिरवला. सकाळी थालीपीठ लावायचं होतं आणि घरात दुसरा जड तवा नव्हता. पॅनकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो. मग त्यातच लावलं. छान खरपूस झालं. सौ.ला फोनवर हे सांगितलेलं नाही. रविवारची पुरवणी मात्र ती पहिल्या पानापासून वाचते.