दुर्मिळ घरांचा बाजार आणि विक्रेत्याची अडचण

एखाद्या वस्तूचा तुटवडा पडला म्हणजे ती विकणाऱ्याचा लाभ होतो, हा व्यवहारातील सर्वपरिचित नियम होय. घराच्या विक्रीस मात्र तो पूर्णांशाने लागू पडत नाही. धान्याचा व्यापारी पोते विकून मोकळा होतो. राहते घर विकणाऱ्यास दुसरे घर शोधावे लागते, आणि तेही बहुधा त्याच बाजारात. कोविडच्या महामारीत, २०२० व २०२१ ह्या वर्षांत, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जी परिस्थिती उद्भवली, तिच्यावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

तेथील टंचाईचे मूळ महामारीपूर्वीचे आहे. २००५ साली त्या देशात वीस लाखांहून अधिक घरांचे बांधकाम सुरू झाले होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २००९ साली, हा आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आला व पुढील दशकातही पूर्वीचा वेग गाठला गेला नाही. अशा स्थितीत मार्च २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर शून्याजवळ आणला. तीस वर्षे मुदतीच्या गृहकर्जाचा सरासरी दर त्याच वर्षीच्या जुलैत प्रथमच तीन टक्क्यांखाली गेला. कचेरीचे काम घरी आल्यामुळे अधिक खोल्यांची गरजही भासू लागली. मागणी अशी वाढत असता पुरवठा आटला. परक्या माणसांना घरात येऊ देण्यास अनेक मालक धजावेनात. शिवाय संघराज्याचे पाठबळ असलेल्या कर्जांचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा कायद्याने मिळाल्यामुळे अडचणीत आलेल्या कर्जदारांवरही तातडीने घर विकण्याची पाळी आली नाही. सामान्यतः सहा महिने पुरेल इतका साठा समतोलाचा मानतात. २०२० च्या अखेरीस तो दोन महिनेही पुरेल इतका उरला नव्हता.

येथेच विक्रेत्याची अडचण सुरू होते. त्याच्या घरासाठी अल्पावधीत अनेक ग्राहक पुढे येत. परंतु एका हाताने घेतलेली चढी किंमत त्याला दुसऱ्या हाताने द्यावी लागे. मोठ्या घरातून लहान घरात अथवा महाग शहरातून स्वस्त प्रदेशात जाणाऱ्यांस खरा लाभ झाला. इतरांपैकी पुष्कळांनी विक्रीचा विचार सोडून दिला, आणि अशा प्रत्येक निर्णयागणिक साठा आणखी घटला. टंचाई ही अशा रीतीने स्वतःच स्वतःचे कारण बनली.

त्यामुळे करारात किमतीइतकेच महत्त्व अटींना आले. तपासणीत दोष आढळल्यास माघार घेण्याचा हक्क ग्राहक सोडून देत. बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीहून कमी भरल्यास फरक पदरचा भरण्याचे मान्य करीत. विक्रीनंतर काही आठवडे विक्रेत्याने भाडेकरू म्हणून तेथेच राहावे, ह्यासही संमती देत. ही शेवटची अट विक्रेत्यास विशेष मोलाची होती, कारण तिच्यामुळे नवे घर शोधण्यास अवधी मिळे. मोठी रक्कम देऊ करणाऱ्याचे कर्ज नामंजूर झाल्यास व्यवहारच मोडतो. म्हणून रोख पैसे देणाऱ्यास प्राधान्य मिळे. प्रथमच घर घेऊ पाहणारी, अल्प शिलकीची कुटुंबे ह्या चढाओढीत मागे पडत.

पैशांत कमी पडणारे ग्राहक कधी शब्दांचा आश्रय घेत. आपले कुटुंब, मुले, सणवार ह्यांचे वर्णन करणारी पत्रे ते विक्रेत्यास लिहीत. वरवर निरुपद्रवी वाटणारी ही पत्रे कायद्याच्या दृष्टीने अडचणीची आहेत. १९६८ च्या समान गृहाधिकार कायद्यानुसार वंश, धर्म इत्यादींवरून घर नाकारता येत नाही, आणि पत्रातून नेमकी तीच माहिती विक्रेत्यापुढे येते. ऑरेगन राज्याने २०२१ साली अशा पत्रांस प्रतिबंध करणारा कायदा केला. परंतु मार्च २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याची अंमलबजावणी रोखली.

सारांश, टंचाईच्या काळात विक्रेत्याच्या हाती किंमत ठरविण्याबरोबरच शेजाराला कोण येणार हे ठरविण्याचीही सत्ता येते. तिचा वापर केवळ किंमत व अटी पाहून झाला, तरच त्या कायद्याचा हेतू सफल होतो.