आवक मोठी, उठाव किती?

उमरेड-भिवापूरच्या पट्ट्यात मिरचीचा हंगाम लागला की व्यापारी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतो. आवक किती झाली ही एक आणि उठाव किती आहे ही दुसरी. पोती आली म्हणजे मिरची खपली, असं इथलं शाळकरी पोरगंही म्हणणार नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र आपण हा भेद विसरतो. 'विंडोज व्हिस्टा आपटली का?' या प्रश्नाची उत्तरं बहुतेकदा तिथेच चुकतात.

व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी ३० जानेवारी २००७ रोजी बाजारात आली. पहिल्याच महिन्यात २ कोटी परवाने विकल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आणि २००८ च्या मध्यापर्यंत हा आकडा १८ कोटींवर गेला. ही झाली आवक. यातले बहुतेक परवाने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी घेतले होते. नव्या लॅपटॉपमध्ये व्हिस्टा आधीच भरलेली असायची. गिऱ्हाइकाने लॅपटॉप निवडला होता, व्हिस्टा नव्हे. मोठ्या कंपन्यांना तर नव्या परवान्यावर जुनी विंडोज एक्सपी चालवण्याची अधिकृत मुभा होती. परवाना व्हिस्टाचा म्हणून मोजला जाई आणि टेबलावर एक्सपीच चाले.

म्हणून उठाव पाहायचा तर वापर पाहावा. २००९ च्या शरदात, अडीच वर्षं उलटल्यावरही, इंटरनेटवर दिसणाऱ्या संगणकांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्यावर व्हिस्टा होती. एक्सपी सत्तर टक्क्यांच्या आसपास टिकून होती, आणि तीही २००१ सालची.

लोकांनी पाठ का फिरवली, हे तालुक्याच्या गावात फार स्पष्ट दिसतं. व्हिस्टा नीट चालायला १ जीबी मेमरी हवी, तर अनेक जुन्या यंत्रांत त्याच्या निम्मीही नसे. जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर मिळत नसत. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्याचं सगळं काम पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉण्टवर चालायचं. त्या पेजमेकरचा विकास ॲडोबीने २००४ मध्येच थांबवला होता. नवी विंडोज घालायची आणि ऐन लग्नसराईत छपाई अडली तर? हा धोका त्याने का पत्करावा? त्याने एक्सपी ठेवली, हा मला अडाणीपणा वाटत नाही. तो त्याच्या धंद्याचा पक्का हिशेब होता.

आता गल्ल्याकडे पाहू. इथे मात्र अपयश सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज विभागाचं उत्पन्न व्हिस्टाच्या काळात आधी वाढलंच. जगभर संगणकांची विक्री वाढत होती आणि प्रत्येक नव्या संगणकाबरोबर कंपनीला पैसे मिळत होते. नुसती रोकड मोजणाऱ्याला व्हिस्टा यशस्वीच म्हणावी लागेल.

मी तसं म्हणत नाही. व्हिस्टाने खाल्लेला वेळ त्या रोकडीत दिसत नाही. एक्सपीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ काम चाललं आणि २००४ मध्ये बरंचसं काम बाजूला सारून पुन्हा सुरुवात करावी लागली. पुढे स्वस्त नेटबुकांची लाट आली, तेव्हा त्या लहान यंत्रांना व्हिस्टा झेपेना. निवृत्त करायला काढलेल्या एक्सपीचीच मुदत त्यांच्यासाठी वाढवावी लागली. सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच होतं: एखादी विंडोज सरळ गाळून पुढच्या विंडोजची वाट पाहिली तरी काही अडत नाही, हे कंपन्यांना कळलं. गिऱ्हाईक एकदा हे शिकलं की त्याला विसरायला लावणं फार अवघड. २०१३ मध्ये, पायउतार होण्याची घोषणा करताना, मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनीही आपली सर्वात मोठी खंत म्हणून याच प्रकल्पाचा उल्लेख केला.

पण व्हिस्टाची मेहनत वाया गेली नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेली विंडोज ७ तिच्याच पायावर उभी होती. आतला आवृत्ती क्रमांक व्हिस्टाचा ६.०, तर सातचा ६.१. सातचे वर्षभरात २४ कोटी परवाने विकले गेले. व्हिस्टावरचा खर्च सातच्या खात्यात कसा टाकायचा, हे ताळेबंद पाहणाऱ्याने ठरवावं.

मराठी वाचकासाठी आणखी एक नोंद हवी. एक्सपीवर युनिकोड देवनागरी चालवायची तर सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि बऱ्याचदा सीडी घालावी लागे. दुकानदाराकडे ती सीडी असेलच, याची खात्री नसे. व्हिस्टात ही सोय पहिल्यापासूनच चालू होती. जिथे व्हिस्टा पोहोचली, तिथे मराठी मजकूर चौकोनांऐवजी अक्षरांत दिसू लागला.